हाक मारणारं अक्षर

गोल वस्तूंशी जन्माचं वैर असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. हे वैर अगदी ताटापर्यंत पोचलेलं होतं. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही दोघं जावई सासुरवाडीत शेजारी शेजारी फराळाला बसलो होतो. लाडू, करंजी, अनारसा या सगळ्यांना बगल देऊन या गृहस्थांनी एकट्या शंकरपाळ्यांची बशी रिकामी केली आणि वर सासूबाईंना म्हणाले, "बाकीचं पण छानच असेल, पण याला कोपरे आहेत." सासूबाईंना वाटलं, जावयाचं पोट बिघडलंय. त्यांनी आत जाऊन मूठभर ओवा आणून दिला, तो मात्र साडूंनी मुकाट्याने खाल्ला. पुढे ओळख वाढली तसं कळत गेलं की हा माणूस भाकरीच्या चारही बाजू दुमडून तिचा चौकोन करून खातो, कपाळाला गंध लावायचं तर उभं लावतो, आणि बायकोने, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीने, मी जिला ताई म्हणतो तिने, दारात काढलेल्या ठिपक्यांच्या रांगोळीतल्या वळणांवर दरवर्षी न चुकता नापसंती व्यक्त करतो. ताई ऐकून घेते आणि रांगोळी आणखी गोल काढते.

विधात्याची थट्टा अशी की हा माणूस जन्मला पेणमध्ये, आणि तोही गणपतीच्या कारखान्यात, जिथे घरादाराचं पोट बाप्पाच्या पोटावर चालतं. सोंड, कान, मोदक, उंदराची पाठ, सगळा संसारच गोलाईचा. साडूंच्या वडिलांना सगळं पेण अण्णा म्हणायचं. अण्णांच्या अंगठ्यातच ती गोलाई होती. मातीवरून अंगठा एकदा फिरला की दुसऱ्यांदा फिरवावा लागत नसे, आणि ते मूर्तीचे डोळे आखायला बसले की कारखान्यातला रेडिओ कोणीतरी आपण होऊन बंद करत असे. अशा बापाचा हा एकुलता एक मुलगा. त्याने लहानपणी केलेल्या पहिल्या मूर्तीची सोंड हापशाच्या दांड्यासारखी झाली, दुसरीचे गुडघे पलंगाच्या पायांसारखे. अण्णांनी दोन्ही मूर्ती पाण्यात विरघळवून आपली माती परत घेतली आणि निकाल दिला, "तुझ्या हातात गोलाई नाय. तू नावं लिही."

नावं म्हणजे पाटांवरची नावं. आमच्याकडे गणपती आणायला कोणी रिकाम्या हाताने जात नाही. श्रावणातच प्रत्येक घर आपला पाट कारखान्यात नेऊन ठेवतं, त्या पाटावर मूर्ती बसते आणि चतुर्थीला तोंडावर रुमाल टाकून घरी जाते. पाट सगळे लाल, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे, म्हणून त्यांच्या कडेवर नाव लिहायचं. आता पाटाची कड ती किती. त्यात अण्णांनी मुलाच्या हाती दिला भिंतीला लावायचा चपटा ब्रश, कारण चांगले ब्रश डोळ्यांसाठी. त्या अरुंद कडेत, त्या जाड ब्रशने, त्या गोलाई नसलेल्या हाताने जे अक्षर उमटलं, ते बुटकं, रुंद आणि दणकट होतं. इतरांचं अक्षर जिथे वळतं तिथे हे मोडत होतं. शिरोरेघ तुळईसारखी, ठ म्हणजे खिडकीची चौकट, ळ म्हणजे एकमेकांना टेकवलेली दोन खोकी. साडूंनी पुढे या अक्षराचं नाव ठेवलं कातळ. अण्णांनी त्याला नाव ठेवलं कोयते.

ठिणगी पडली ती कारखान्याच्या दारावरच्या पाटीवरून. ती पाटी अण्णांनी तरुणपणी स्वतः रंगवलेली. वेलबुट्टीची किनार, आणि आत वेलीसारखीच वळणं घेत गेलेलं नाव. रंग उडाला होता. विशीतल्या साडूंनी विचारलं, मी नवी लिहू का. अण्णा म्हणाले, "बाप्पाच्या दारात कोयते लावायचे नायत." एवढंच. त्यात राग नव्हता, नुसता नकार होता, आणि तोच साडूंना लागला. त्यांनी रोह्याला गाळा घेतला, बाहेर कातळ अक्षरात 'बोर्ड' एवढाच शब्द लिहिला आणि धंदा सुरू केला. ते गेल्यावर कारखान्यात पाटांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटू लागल्या.

मी रोह्यातच कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेला माणूस. अक्षर वाचता आलं की माझं काम भागतं. पण संध्याकाळी त्यांच्या गाळ्यात जाऊन बसायची मला सवय लागली आणि अक्षरांना स्वभाव असतो हे तिथे पटलं. साडूंचं एक ठाम शास्त्र होतं. ते म्हणायचे, "बारीक अक्षर कुजबुजतं. गोल अक्षर गप्पा मारतं. माझं अक्षर हाक मारतं. हाक दोन शब्दांची असते, साडूभाऊ. तिसऱ्या शब्दाला ती तक्रार होते." शास्त्र उत्तम होतं. दुर्दैवाने प्रेम आंधळं असतं आणि साडूंचं आपल्या अक्षरावर प्रेम होतं. स्वतःच्या घरभरणीची पत्रिका त्यांनी पहिल्या ओळीपासून 'आपले आगमन प्रार्थनीय आहे' इथपर्यंत सगळी कातळमध्ये छापली. पाहुणे झाडून सगळे आले, वेळेच्या आधी आले, भिंतीला टेकून बसले, आणि एका शेजाऱ्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की घरावर जप्ती आली आहे का.

जिथे दोन शब्दांचं काम होतं तिथे मात्र त्या अक्षराला तोड नव्हती. धरमतरच्या धक्क्याला लागणाऱ्या एका बार्जवर साडूंनी नाव लिहिलं, ते खाडीच्या पार मिठागरातल्या माणसांना वाचता यायचं. निडीकडच्या एका अवघड जागी त्यांनी लिहिलेली 'पुढे वळण' ही पाटी आहे. अख्ख्या पाटीत वळण औषधालाही नाही, पण ती दिसताच भलेभले ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतात. एका बंगल्यावर 'कुत्रा आहे' असं लिहून दिलं, तर मालकाने कुत्रा आणायचाच रद्द केला. याउलट दातांच्या दवाखान्यावरची पाटी आठवड्यात उतरवावी लागली, कारण पेशंट दारापर्यंत येऊन वर बघायचे आणि दुखणं कमी झालंय म्हणून परत जायचे. कुवेतहून परतलेल्या एका चाचांनी बेकरी काढली, तिचीही अशीच गत. चाचा गाळ्यात येऊन बसले आणि म्हणाले की बोर्ड जबरदस्त हाय, पण लोक पाव घेण्याअगोदर दाबून बघतात. साडूंनी विचार केला. अक्षर बदलायचा प्रश्नच नव्हता. ते म्हणाले, "मग टोस्ट विका." चाचांनी हे मनावर घेतलं, आणि आज त्यांचे टोस्ट पेणपर्यंत जातात.

मग फ्लेक्स आलं. दुकानदार कॉम्प्युटरवर बोट ठेवून तयार अक्षर निवडू लागले आणि हाताने बोर्ड रंगवणाऱ्यांचे ब्रश डब्यात वाळून गेले. साडू काही महिने कोणाशी बोलले नाहीत. नंतर एके दिवशी त्यांच्याच गाळ्यात कॉम्प्युटर आला. म्हणाले, "आमच्यात उंदीर सगळ्यात शेवटी बसवतात. इथं सुरुवातीलाच हातात धरावा लागतोय." त्या उंदराशी झुंजत, एकेक अक्षर, एकेक जोडाक्षर मोडून पुन्हा बांधत, काही वर्षांनी त्यांनी कातळचा फॉन्ट तयार केला. श्री या एका अक्षराने त्यांचा पावसाळा खाल्ला. झालं तेव्हा मला म्हणाले की आता बसली, आता पाटावर बसल्यासारखी बसली. आणि एवढं करून तो फॉन्ट त्यांनी मागेल त्याला पेन ड्राइव्हवर देऊन टाकला. बघता बघता कबड्डीच्या सामन्यांवर, दहीहंडीवर, डंपरच्या कपाळावर, वाढदिवसांच्या कमानींवर, सगळीकडे कातळ दिसू लागलं. लिहिणारा कोण हे कोणाला माहीत नव्हतं आणि साडूंना त्याचं काही वाटत नव्हतं.

वाटायचं ते एकाच गोष्टीचं. लोक अक्षर ताणायचे. जागा रुंद असली की ते बाजूने ओढायचं, उंच असली की वर. एकदा आम्ही पेणहून गाडीने येत होतो. नागोठण्याला गाडी थांबली आणि खिडकीतून त्यांना कबड्डीचा एक फलक दिसला, ज्यावर कातळ अक्षर ओढून ओढून पार आडवं केलेलं होतं. साडू गाडीतून उतरले. पिशवी माझ्याकडे होती म्हणून मलाही उतरावं लागलं. विचारत विचारत ते फलक छापणाऱ्या दुकानात गेले आणि म्हणाले, "अक्षर हाय ते, रबर नाय." दुकानातला पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, हा फॉन्ट असाच असतो. तुम्हाला त्यातलं कळत नाय." मला वाटलं, आता रामायण होणार. पण साडू एकदम खूश झाले. पुढची गाडी येईपर्यंत फलाटावर स्वतःशीच हसत बसले होते, आणि हा किस्सा त्यांनी नंतर इतक्या लोकांना सांगितला की शेवटी त्यात तो पोरगा त्यांना अक्षर शिकवायला घरी येऊ लागला.

असं सगळं असलं तरी एक जागा रिकामी होती आणि ती कुठली हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. दर दसऱ्याला साडू पेणला जायचे, अण्णांच्या पाया पडायचे, आणि निघताना दारावरच्या उडालेल्या पाटीकडे एकदा बघायचे. कधी म्हणायचे, रंग गेलाय. अण्णा म्हणायचे, हां, गेलाय. विषय संपायचा. ताई मला एकदा म्हणाली, "सगळ्या मुलखाला हाक मारतात, पण बापाच्या कानापर्यंत काय जात नाय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

अण्णा थकत गेले. आधी माती मळणं सुटलं, मग रंग सुटला, आणि डोळ्यांत पडदा वाढला तसं डोळे आखणंही सुटलं. कारखाना साडूंचा चुलतभाऊ बघू लागला. अण्णांकडे एकच काम उरलं, आणि त्यावर त्यांचा जीव होता. चतुर्थीच्या सकाळी दारात खुर्ची टाकून ते बसायचे, एकेका पाटावरचं नाव वाचून मोठ्याने हाक मारायचे, त्या घरचा माणूस "हाय" म्हणून पुढे यायचा, आणि अण्णांच्या हातात विडा आणि नारळ ठेवून मूर्ती उचलायचा. अगदी शेवटी त्यांचा स्वतःचा पाट उरायचा. अण्णा स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, तितक्याच मोठ्याने पुकारायचे, इकडेतिकडे बघायचे, आणि मग स्वतःच खुर्चीतून उठून "हाय" म्हणायचे. दरवर्षी तोच विनोद आणि दरवर्षी सगळा कारखाना हसायचा.

चिठ्ठ्या त्यांना दिसेनाशा झाल्या होत्या हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. आदल्या दिवशी पाटांचा क्रम विचारून घ्यायचे, पाठ करायचे आणि सकाळी वाचल्यासारखं करायचे. एका वर्षी पहाटे पत्र्यातून गळायला लागलं म्हणून कोणीतरी एक रांग उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. अण्णा पाठ केल्याप्रमाणे हाका मारत गेले. मूर्तींच्या तोंडावर रुमाल, घाई, बाहेर ढोल, चिठ्ठ्यांकडे कोण बघणार. धरमतरकडच्या एका आगरी घरी उजव्या सोंडेचा गणपती गेला, आणि पेणमधल्या ज्या कडक सोवळ्याच्या घराने तो नवसाने सांगितला होता, त्यांच्याकडे डाव्या सोंडेचा. मखरात बसवून, दिवा लावून मग रुमाल काढतात. बसलेल्या बाप्पाला कोण उठवणार. उजव्या सोंडेचं सोवळं भारी, आणि त्या आगरी घरात गौरीला तिखटाचा, म्हणजे मासळीचा नैवेद्य. चुलतभाऊ हात जोडून धावत गेला. त्या घरची म्हातारी म्हणाली, "आता आयलाच हाय आमचे घरा, तं र्‍हाऊ दे. आमी बी पाच दिस सोवल्यान र्‍हाव." आणि खरोखरच त्या घराने मासळीचा वास येऊ दिला नाही, गौरीचीसुद्धा समजूत काढली. सोवळ्याच्या घरानेही शब्द काढला नाही.

कोणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी चुलतभावाला बोलावून म्हणाले की पुढल्या वर्षापासून नावं तू वाच, मी घरात बसेन. साडू तिथेच उभे होते. मीही शेजारी होतो. परतीच्या गाडीत ते मला एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, बाप माझा हाक मारायला बसतो, आणि आम्ही त्याच्यासमोर कुजबुज ठेवली."

पुढचा श्रावण लागला आणि साडूंनी रोह्याचा गाळा बंद ठेवायला सुरुवात केली. सकाळच्या गाडीने पेण, हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि तो जुना चपटा ब्रश. कॉम्प्युटरवर काढून चिकटवता आलं असतं, मी सुचवलंही. त्यांनी माझ्याकडे ताटातल्या लाडवाकडे बघावं तसं बघितलं. जो पाट येईल त्याची कड पुसायची आणि त्यावर नाव लिहायचं, लाल रंगावर पांढरं, काठोकाठ. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली. एक बाई म्हणाल्या की आमच्या साध्या पाटावर हे कसले सुळे काढलेत. साडूंनी एरवी त्यांना अर्धा तास अक्षराचं शास्त्र ऐकवलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुढचा पाट घेतला. चतुर्थीपर्यंत कारखान्यात नावांच्या रांगाच्या रांगा लागल्या, आणि आत शिरलं की सगळं पेण आपल्याकडे बघून काहीतरी मागतंय असं वाटायचं.

अण्णांना आणायला ते स्वतः गेले नाहीत. ताईला पाठवलं. ती सुनेच्या हक्काने म्हणाली की नुसतं येऊन बसा, दर्शन घ्या. अण्णा आले, खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. मग त्यांची मान थोडी पुढे आली. त्यांनी पहिल्या रांगेतलं पहिलं नाव वाचलं, हळूच, स्वतःशी. दुसरं वाचलं. तिसऱ्याला आवाज चढला आणि बाहेरून कोणीतरी "हाय" म्हणत आत आलं. त्या सकाळी अण्णांनी एकही पाट चुकवला नाही. मधे एकदा कोणीतरी मदतीला वाकून नाव सांगू लागलं, तर अण्णा म्हणाले, "सरक. दिसतंय मला." साडू मागे, मातीच्या गोण्यांपाशी उभे होते. शेवटी अण्णांनी आपलं स्वतःचं नाव पुकारलं, इकडेतिकडे बघितलं, उठले, "हाय" म्हणाले, आणि सगळे हसले. 

मूर्ती उचलण्याआधी अण्णांनी वाकून पाटाच्या कडेवर अंगठा फिरवला. म्हणाले, "टोचतंय." मग, मुलाकडे न बघता, "पण दिसतंय. दारावरचं पण बघ एकदा. तुझ्या हातानं."

त्या दसऱ्याला साडूंनी पाटी लिहिली. अण्णांची वेलबुट्टी त्यांनी तशीच ठेवली, एका पानाला धक्का लावला नाही, आणि तिच्या आत आपलं अक्षर बसवलं. अण्णा रस्त्याच्या पलीकडे खुर्ची टाकून, एकेक अक्षर वर चढेल तसं वाचत होते. वेलीत अडकलेल्या कोयत्यांची ती पाटी अजून तिथे आहे. ती शोभते असं मी म्हणणार नाही. पण एसटीतून वाचता येते.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा गेले.

गेल्या चतुर्थीला मी मुद्दाम पेणला गेलो. नावं आता साडू वाचतात. खुर्ची तिथेच असते, पण ते तिच्यात बसत नाहीत, शेजारी उभे राहतात. एकेक नाव पुकारलं गेलं, एकेक घर आपला बाप्पा घेऊन गेलं, आणि शेवटी एक पाट उरला. त्यावर आता घरच्या कर्त्याचं, म्हणजे साडूंचं नाव यायला हवं, असं चुलतभावाने श्रावणातच सुचवलं होतं. साडूंनी कड पुसली होती आणि पुन्हा अण्णांचंच नाव लिहिलं होतं. ते त्यांनी वाचलं. पूर्ण वाचलं, वडिलांच्या नावासकट, अण्णांसारखंच मोठ्याने. आणि मग कारखाना शांत झाला. ताईने पदर तोंडाला लावला. साडू इकडेतिकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. मग त्यांनी हातातला नारळ खुर्चीवर ठेवला, पुढे आले आणि म्हणाले, "हाय."

त्यांनी मूर्ती उचलली. एक हात पाटाखाली, दुसरा बाप्पाच्या पाठीवर. अण्णांचं घर समोरच होतं, पण साडू फार सावकाश चालत होते, आणि पाठीवरच्या हाताचा अंगठा त्या गोलाईवरून नकळत फिरत होता.